तेलाच्या पट्टीवरची खूण

प्रिय धाकट्या,

दोन पत्रं गिळून बसलास आणि साधा ढेकरही दिला नाहीस. बहिणीला चार ओळी लिहायला काय मुहूर्त लागतो? फोन उचलत नाहीस, नाहीतर चौथी शिकलेल्या बाईने कागद कशाला काळे केले असते? वर गाड्या दुरुस्तीची हत्यारं विकलीस म्हणे, आणि गोदामाच्या दारावर राखणीला काठी घेऊन बसतोस. शोभतं का?

ह्यांचा पाय सांधला. लंगडत धक्क्यावर जातात आणि भेटेल त्याला सांगतात, मेव्हण्याने गाडीचं इंजिन होडीत कोंबलं, समुद्र काय रस्ता वाटला त्याला? लोक खिदळतात. मी जाळ्याची गाठ मारत खाली बघते.

किती खपला होतास तू. गाडीला वारा लागतो, इथे होडीतल्या बंद पेटीत कुठला वारा, म्हणून रेडिएटर काढलास. तांब्याच्या नळ्यांची टाकी केलीस, नळ्यांत इंजिनाचं गोडं पाणी, बाहेरून समुद्राचं. खारं पाणी पोटात गेलं तर आतडी गंजतील, ताई, म्हणायचास. ते तुझं गार करणं शेवटपर्यंत चोख चाललं, हे कुणी बोलत नाही.

आणि तेल. होडीत इंजिन मागे कलून बसतं, तेल मागे साचतं, तेल मोजायची पट्टीही मागेच, म्हणून ती असेल त्यापेक्षा जास्त दाखवते. तू होडी पाण्यात ठेवून मापाने तेल ओतलंस आणि कंपनीच्या खुणेच्या बोटभर वर कानशीने नवी खाच पाडलीस. तेल बघायचं काम माझं, म्हणून मला तीनदा बजावलंस. मी मान डोलावली. लक्ष चुलीवरच्या दुधात.

इंजिन भर लाटांत जाम झालं, होडी खडकावर गेली, ह्यांचा पाय मोडला. तू धावत आलास. ह्यांनी चारचौघांत तुझी सालटी काढली. तू मला एवढंच विचारलंस, ताई, खुणेपर्यंत भरलं होतंस ना? मी म्हटलं, हो, अगदी खुणेपर्यंत. खोटं नव्हतं रे. तेच तर जाळतं.

तुझी पट्टी माझ्याच पायाखाली वाकली होती. मी दुकानातून त्याच गाडीची नवी कोरी आणली आणि तिच्यावरच्या कंपनीच्या खुणेपर्यंतच तेल भरत राहिले. तुझी खाच आठवलीच नाही. लाटेत होडी पुढे वाकली की उरलंसुरलं तेल पुढे पळायचं आणि मागून तेल ओढणारं इंजिन हवा पीत बसायचं. तू खुणेचं विचारलंस तेव्हाच मला लख्ख कळलं होतं. तरी तोंड शिवून घेतलं, आणि सात महिने तुझी अब्रू धक्क्यावर वाळत पडू दिली. काल ह्यांना सांगितलं. ताटावरून उठले. रविवारी धक्क्यावर सगळ्यांसमोर सांगणार आहे, पण तू समोर उभा हवास. तुझ्या पाठीमागे कबूल करून काय उपयोग? येणार की नाही, गुरुवारपर्यंत कळव. शिव्या लिहिल्यास तरी चालेल, पण लिही.

तुझीच,
ताई