सातव्या घरात दोन खांब

३ डिसेंबर

ती. ताई यांस,
सा. न. वि. वि.

पत्र पाहून दचकू नका, सगळे खुशाल आहोत. फोनवर बोलायची सोय नाही, कारण तुमचे बंधुराज हल्ली घरात असले की कान टवकारून असतात, आणि ते नसले की सुना. लिहायला कारणं दोन, एक साधं आणि एक वाकडं.

साधं आधी. मला क्रोशा शिकायचाय. हसू नका. लग्नानंतर तुम्ही मला शिकवायला बसलात आणि मी त्या सुईनं पाठ खाजवली, हे मी विसरलेले नाही. पण आता मनापासून शिकायचंय. फार काही नको, थंडीत कान झाकणारी साधी पट्टी जमली तरी पुष्कळ.

आता वाकडं. गेल्या गुरुवारी हे घरी आले ते कानांवर अशीच एक पट्टी चढवून. तपकिरी लोकर, कडेला हिरवी रेघ, हातानं विणलेली. कुणी दिली विचारलं, तर म्हणाले गिऱ्हाइकानं. घड्याळ दुरुस्त करून दिल्याबद्दल गिऱ्हाईक फार तर आभार मानतं, कान मोजून पट्टी विणत नाही. धुवायला मागितली तर दिली नाही, कपाटात आतल्या खणात ठेवली.

तेव्हापासून माझ्या मनात पाल चुकचुकतेय. घड्याळांचे सुटे भाग इतकी वर्षं पार्सलनं यायचे. सप्टेंबरपासून एक गुरुवार सोडून एक गुरुवार हे स्वतः आणायला जातात आणि दिवेलागणीला परततात. बटणांचे शर्ट सोडून दिले, डोक्यातून घालायचे स्वेटर सुरू झाले. दाढी घरी करणं बंद, सलूनमध्ये जातात. पंचावन्नाव्या वर्षी हे थाट कुणासाठी? दुकानाशेजारी एक चष्मेवाली आहे, ती दिवसातून चारदा यांच्या दुकानात डोकावते हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

ताई, स्पष्टच लिहिते. यात खरं काही निघालं, तर मी या घरात राहणार नाही. पण आधी मला ती पट्टी कशी विणतात ते कळू दे. म्हणजे विणणारीच्या हाताची तरी ओळख पटेल.

तुमचीच,
धाकटी

९ डिसेंबर

चि. सौ. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. गुडघा बरा आहे, जिना तेवढा नको म्हणतो. तू क्रोशा शिकणार हे वाचून मी चहा गार होऊ दिला.

मध्यम जाडीची लोकर घे, फार केसाळ नको, नवशिक्याला घरं दिसत नाहीत. सुई जरा जाडच बरी. आधी चौदा साखळ्या घाल. मग सुईवर एक वेढा घेऊन सुईपासून तिसऱ्या साखळीत सुई घाल, धागा ओढून घे, आता सुईवर तीन फासे दिसतील, त्या तिन्हींतून धागा एकदम काढ. झाला अर्धा खांब. असे बारा कर. बारा म्हणजे पट्टीची रुंदी. मग दोन साखळ्या घालून काम उलटं फिरव आणि परत बारा. डोक्याभोवती पट्टी बसेपर्यंत हेच करत राहायचं, शेवटी दोन्ही टोकं शिवून टाकायची. हात सैल ठेव. तू कणीक तिंबतेस तशी विणशील तर पट्टीचा पुठ्ठा होईल.

एक गोष्ट लक्षात ठेव. ओळीच्या शेवटी एक घर नेहमी हरवतं. का ते मला चाळीस वर्षांत कळलेलं नाही, पण हरवतं. त्यासाठी प्रत्येक ओळीत सातव्या घरात दोन खांब घालायचे, म्हणजे बारा भरतात. ही माझी युक्ती, पुस्तकात मिळायची नाही.

बाकी तू लिहिलंस त्याबद्दल काय सांगू? माणूस स्वेटर घालतो कारण थंडी आहे. दाढीचं म्हणशील तर वय झालं की आरशाचा कंटाळा येतो. त्या चष्मेवालीच्या नादी लागू नकोस, बिचारी आपलं काम करत असेल. घाईनं काही बोलून बसू नकोस, एवढं माझं ऐक.

लेकी-सुनांना आशीर्वाद, तुझ्या डोक्याला थोडी शांती.
ताई

२१ डिसेंबर

ती. ताई यांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. क्रोशाचा भाग पहिल्यांदा, उरलेला दोनदा. सुट्या भागांसाठी गुरुवारी हे कुठे जातात, याबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलं नाहीत. बाकी प्रत्येक गोष्टीला तुमच्याकडे उत्तर होतं.

पट्टी झाली. आधीच्या दोन उसवल्या, एक त्रिकोणी झाली होती आणि दुसरी मांजराच्याही डोक्यात गेली नसती. तिसरी बरी जमली. सातव्या घरात दोन खांब घातल्यामुळे मधोमध भांग पाडल्यासारखी एक रेघ उमटते, मला वाटलं नक्षीच आहे.

काल ती लोकरीच्या दुकानात दाखवायला नेली. लोकरवाली चष्मा वर करून बघतच राहिली. हा भांग कुठून आला म्हणाली. मी तुमची युक्ती सांगितली, तर ती इतकी हसली की दोन गिऱ्हाइकं मागे वळली. तिचं म्हणणं, शेवटचं घर हरवत नाही, ते वळतानाच्या दोन साखळ्यांच्या डोक्यावर बसलेलं असतं, तुम्ही लोक त्याला ओलांडून जाता. तीस वर्षांत अशा सातव्या घरात दुप्पट घालणारं माणूस तिनं पाहिलेलं नाही.

ताई, मी तिथून थेट घरी आले आणि कपाटाचा आतला खण उघडला. यांची तपकिरी पट्टी काढली. तिच्या मधोमध भांग आहे.

आता बोला. ती पट्टी एकतर तुम्ही विणलीत, किंवा तुम्ही जिला शिकवलंत तिनं. तुम्ही विणलेली नाही, तुमचा हात मी ओळखते, इतकी वेडीवाकडी वीण तुम्ही झोपेतही घालणार नाही. म्हणजे कुणीतरी आहे. तुमच्या गावात आहे, तुमच्या खोलीत बसून तुमच्याकडून शिकलेली आहे, आणि तुम्ही तोंडात मिठाची गुळणी धरून मला खांब मोजायला लावताय. तीस वर्षं मी तुम्हाला सख्ख्या बहिणीच्या जागी मानलं. मला तिचं नाव कळवा. नाहीतर हे माझं शेवटचं पत्र समजा.

धाकटी

२४ डिसेंबर

चि. सौ. धाकटीस,
आशीर्वाद.

तू पकडलंस. माझ्याच खुळ्या युक्तीनं मला उघडं पाडलं. चाळीस वर्षं मी ते घर ओलांडत होते, हे वाचून आधी लाज वाटली, मग रडू आलं, कारण आता लपवण्यासारखं काही उरलं नाही.

मी एकालाच शिकवलंय. तुझ्या नवऱ्याला.

सप्टेंबरात त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं बधिर झाली. बटण लागेना, वस्तरा धरवेना. इथल्या इस्पितळातले डॉक्टर म्हणाले मानेतली नस दबली आहे. औषधं चालू आहेत. बोटं कदाचित पूर्ववत होतील, कदाचित होणार नाहीत. तिथली व्यायाम शिकवणारी बाई म्हणाली, बोटांना बारीक काम द्या. म्हणून गुरुवारी तो इस्पितळातून माझ्याकडे येतो आणि मी त्याच्या हातात क्रोशाची सुई देते. ती पट्टी त्याची. सहा आठवडे लागले. पहिल्या दिवशी त्याला एक साखळी जमली नाही, तेव्हा त्यानं सुई भिंतीवर फेकली होती.

मी शंभरदा सांगितलं, तिला सांग. तो म्हणाला, तिला कळलं तर ती दुकान बंद करायला लावेल, आणि दुकान गेलं तर मी दिवसभर करू काय? त्यानं मला शपथ घातली होती. ती आज मी मोडली. चुकलं माझं, दोन्हीकडून चुकलं.

त्याच्यावर रागावू नकोस. माझ्यावर हवी तेवढी रागाव.
ताई

३० डिसेंबर

ती. ताई यांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानाकडे गेले, पण आत न जाता चष्मेवालीकडे शिरले. तिनं मला पाहिलं आणि स्वतःच बसायला स्टूल दिलं. म्हणाली, दोन महिने झाले, बायकांच्या घड्याळांचे बारीक स्क्रू मीच लावून देते, चष्म्यांचे लावतेच ना. म्हणजे तिलासुद्धा माहीत होतं. मी तिला मनात काय काय म्हटलं होतं ते आठवून मला खाली बघावं लागलं. आणि वाईटही फार वाटलं, ताई. शेजारणीला कळतं, बहिणीला कळतं, मलाच तेवढं कळू नये?

मग मी यांच्या दुकानात गेले. डोळ्याला भिंग लावून, पुढे उघडं घड्याळ घेऊन बसले होते. मला पाहताच उजवा हात टेबलाखाली घेतला. मी म्हटलं, मला सगळं कळलंय. त्यांनी भिंग काढून ठेवलं आणि विचारलं, आता कुलूप लावणार का? त्यांची भीती खरीच होती. सप्टेंबरात सांगितलं असतं तर मी त्याच संध्याकाळी कुलूप लावलं असतं, आणि काळजीपोटी केलं म्हणून चारचौघांत मिरवलंही असतं.

मी खुर्ची ओढली, चिमटा घेतला आणि कुठला स्क्रू कुठे ते विचारलं. ते सांगत गेले. दोन बसले, तिसरा माझ्या हातून निसटून खाली गेला. मग दोघंही गुडघ्यांवर बसून फरशी चाचपायला लागलो. टेबलाखाली डोकं घालून शोधता शोधता ते रडायला लागले. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं.

स्क्रू मला लगेचच सापडला होता. तो मुठीत धरून, त्यांचं रडून होईपर्यंत मी शोधत राहिले. एवढं मात्र त्यांना कळू देऊ नका.

येत्या गुरुवारी आम्ही दोघं येतोय. तुमच्यावरचा राग अजून आहे, तो समोर बसून काढीन. तोवर माया होती तशीच राहू द्या.

तुमचीच,
धाकटी