झोपेत तरुण होणारं काळीज

धाकटे,

अनेक आशीर्वाद. गुडघा कसा आहे? दुखत असेलच; लहानपणापासून तो नेमका कामाच्या वेळी दुखतो. मी बरी आहे (असं नातीचा कम्प्युटर म्हणतो, माझं मत कुणी विचारलेलं नाही).

नात त्या कम्प्युटरला शिकवते, हे तुला ठाऊक आहेच. चाळीस म्हाताऱ्यांच्या मनगटांवर घड्याळं बांधलीत. नाडीचा ठोका न् ठोका त्याच्याकडे जातो, आणि म्हातारं काळीज कसं चालतं, पुढे कधी दगा देईल, हे त्यावरून त्याने ओळखायला शिकायचं. (मला दोन अक्षरं शिकवायला घरात कुणाला सवड झाली नाही. ह्याला दोन वर्षं रोज शिकवतात, आणि चुकला तरी कुणी कान पिळत नाही.) आपण कधी काय करत होतो तेही सांगावं लागतं. मी सांगते, दोन ते चार झोपले. ते खरंच आहे गं, मी झोपतेच. फक्त घड्याळ माझ्याजवळ नसतं. पट्ट्याखाली अशी खाज सुटते की डोळ्याला डोळा लागत नाही, आणि काढून ठेवलं की नातीचा फोन कोकलतो, मग ती कॉलेजातून ओरडते, "आजी, घड्याळ हातात घाल!" कुणाच्या, ते काही म्हणाली नाही. म्हणून मी ते खालच्या मजल्यावरच्या शिंपिणीच्या हातात घालून येते. वय चौतीस, दोन ते चार पायाने मशीन चालवते. पाय पळतात, मनगट कापडावर गप्प. झालं! कम्प्युटरला वाटलं, म्हातारी निजलीय आणि काळीज जिने चढतंय.

नातीने घाबरून मला दोन डॉक्टरांकडे नेलं. मी ठणठणीत. तेव्हा तिचे सर म्हणाले, मग हे काहीतरी नवीनच आहे. आता गुरुवारी ती विद्वानांपुढे उभी राहून सांगणार, की काही म्हाताऱ्यांचं काळीज झोपेत तरुण होतं. वर मला म्हणते, "चाळिसांत तूच एक प्रामाणिक!" एखाद्या विद्वानाने शिंपिणीला गाठलं तर? आणि नाही गाठलं तर आणखी वाईट. उद्या एखादीचं खरोखर बिघडलेलं काळीज 'तरुण झालंय' म्हणून डॉक्टर तिला घरी पाठवतील. तेव्हा गुरुवारच्या आत तूच फोन करून तिला सांग. तुझ्यावर ती ओरडत नाही.

तुझी ताई

ता. क. फोनची तसदी घेऊ नकोस. हे पत्र मी सांगतेय आणि तीच लिहितेय. तोंडावर बोलायचा धीर होईना, म्हणून तुझ्या आडून बोलले. शिंपिणीपाशी पेन थांबलं होतं. मी भिंतीकडे बघत पुढे सांगत राहिले.

आणखी एक ता. क. ती विचारतेय, "आजी, अशा दुपारी किती?" लिही बाई. सगळ्या.