ओल्या लेपातल्या लाटा

सोमवार, ४ ऑगस्ट. सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं

प्रदर्शनाच्या निवड समितीने माझा मातीचा थाळा परत पाठवला. खोक्यात चिठ्ठी – 'जुन्या लाटांच्या नक्षीची नक्कल. हात कच्चा. मूळ थाळा सभागृहातल्या कपाटात आहे, तो पाहून सराव करावा.'

मूळ थाळा मीच केलाय! पस्तीस वर्षांपूर्वी, भांड्यांच्या कारखान्यात. तिथे बुडावर आमची नावं घालू देत नसत, नुसता कारखान्याचा शिक्का. आणि आता मीच माझी नक्कल करणारी कच्ची बाई.

हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "बघून यायला काय हरकत आहे?" चाळीस वर्षं मी या माणसाला आयता चहा दिला.

मंगळवार, ५

गेले. कपाटावर पाटी – 'स्टोनवेअर (पक्क्या भाजणीची माती). कारागीर अज्ञात.' समितीचे चिटणीस धावत आले. "आजी, काचेला हात नका लावू."

"मी कुणाची आजी ते माझी नातवंडं ठरवतील. हा थाळा माझा आहे."

"असं बऱ्याच जणांना वाटतं. पुरावा आहे का काही?"

नाही. तेच तर.

शुक्रवार, ८

परवा तीन थाळे चाकावर काढले होते. आज त्या गडद मातीवर पांढऱ्या मातीचा पातळ लेप दिला, ओला असतानाच बोटांनी लाटा ओढल्या. तिन्हींवर लाटा शहाण्या मुलींसारख्या रांगेत उभ्या. मोडून टाकले.

शनिवार, ९

आणखी दोन मोडले.

रविवार, १०

सून मोबाइलवर कपाटातल्या थाळ्याचा फोटो मोठा करून बघत होती. "आई, यातल्या लाटा उलट्या कलल्यात. हे डाव्या हाताचं काम. आणि तुम्ही तर भाजीसुद्धा डाव्या हाताने चिरता."

शाळेत सिस्टर डाव्या बोटांवर पट्टी मारायच्या. तेव्हापासून कुणी तपासणार म्हटलं की माझा उजवा हात आपसूक पुढे होतो. कारखान्यात कोणी तपासत नव्हतं. समितीचा फॉर्म भरला आणि मी अडुसष्टाव्या वर्षी परत परीक्षेला बसले.

म्हणजे त्या चिठ्ठीत लिहिलं होतं ते – नको. आज नाही लिहीत.

मंगळवार, १२

नवा थाळा. लेप. डावा हात. बोटं कुठे निघाली ते मला विचारायलाही थांबली नाहीत. कोपरापर्यंत माखले. हे दारातून म्हणाले, "हां, आता कसं!" यांच्या मानाने हे भाषणच झालं.

शनिवार, ३० ऑगस्ट

थाळा भट्टीतून नीट निघाला. समितीला पाठवला, सोबतचं पत्र असं –

'चिटणीस महाशय, आपल्या समितीचं म्हणणं बरोबर होतं. आधीचा थाळा नक्कलच होता. हा कपाटातल्या थाळ्याशेजारी ठेवून पाहावा. प्रदर्शनात घेतला नाहीत तरी चालेल. पाटी मात्र बदलावी; माझं नाव खाली सुवाच्य अक्षरांत दिलं आहे. लेखी उत्तर शुक्रवार, ५ सप्टेंबर, दुपारी बाराच्या आत मिळावं.'