अर्धा कोयता

५ सप्टें.
रूपीला लगीन न लावता इथं माझ्या कंपनीत कामाला पाठवा म्हनलो, तर आप्पा म्हन्त्यात, मीच पोरीचं डोकं फिरवतो. रूपी बारावी पास हाय. मी आठवीत सोडली. बहिणीनं शिकून ऊसच तोडायचा तर शिकवली कावून? फोन ठिवून दिला त्यांनी.

९ सप्टें.
रूपीला वडगावचं स्थळ पक्कं. पोरगा गरीब सभावाचा, दारू न्हाई. पन ऊसतोडीला निघायच्या आत बायको पाहिजे. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकट्याला मुकादम अर्धाच धरतो, आगाऊ पैशाची उचल बी अर्धी. म्हंजे रूपी त्याचा उरलेला अर्धा.
आई बी अशीच गेलती आप्पासंगं. तिशीत गर्भाची पिशवी काढली. आता वाकता येत न्हाई.

१४ सप्टें.
इथं परमुलखात कंपनीत मी पेट्या वाहतो. मोबाइल जोडायचं काम सगळं पोरींचं. हॉस्टेलवरून बसा भरभरून येत्यात, डोक्यात गजरे, हसत. लाइनीवरची सेल्वी म्हनली, "भैया, तुमारे गाँव में कंपनी नहीं?" न्हाई म्हनलो. "उधर लड़की लोग क्या करता?" पढ़ती है, म्हनलो. खोटं.
सायबाला इचारलं, कंपनी इथंच कावून आली? म्हनला, इथले बाप पोरी पाठवत्यात.
मला वाटलं हायवेमुळं. हायवे तर आमच्याकडं चौसाळ्याला बी हाय.

२१ सप्टें.
आप्पा नेकनूरच्या बाजाराला गेलते, तवा आईच्या फोनवरून रूपी बोलली. लई हळू. "दादा, कंपनीच्या हॉस्टेलच्या खोलीला आतून कडी हाय का?"
हाय म्हनलो.
"मग येते."
मग रडली.

२४ सप्टें.
आप्पांशी परत तेच. "परमुलखात एकटी पोरगी ठिवली तर भावकी काय म्हनंल?" म्हनलो, उसाच्या फडावर पालात सहा म्हैने ऱ्हायल्यावर काय म्हन्ती भावकी?
"तवा नवरा आसतो संगं, येड्या."
आवाज बसल्याला होता. आईचं आठवलं आसंल का त्यांना? जाऊ दे.

२९ सप्टें.
लगीन विहारात, साधंच. पन पंगत घालावी लागंल, आप्पांना त्याला पैसे पाहिजेत. रूपीला तिकिटाला. दोघांला बी हो म्हनून बसलोय.
खातं रूपीचं, शाळेत काढल्यालं. कार्ड आप्पांच्या खिशात. पिन रूपीलाच पाठ, तिनं सांगितल्याबिगर पैसे निघत न्हाईत.
त्याच खात्यात पाठवले. बारा हजार.