तुमच्याविरुद्धची तक्रार

आदरणीय नयनाजी,

तुम्हाला मराठी वाचता येत नाही, म्हणूनच हे लिहायचं धाडस होतंय.

मूल दत्तक देण्याआधी आमचं महानगर भागातलं घर बघायला तुम्ही संस्थेकडून आलात आणि म्हणालात, “अभी आप दोनों तैयार नहीं हैं।” कारण विचारलं, तर गप्प राहिलात. मी तुमची तक्रार केली. चौकशीतही तुम्ही निमूट ऐकून घेतलंत. तुमची नोकरी गेली.

काल माझा नवरा प्रसन्न रडत म्हणाला, “मला मूल नकोय, हे मीच त्यांना बाजूला घेऊन सांगितलं होतं. तुला कळू देऊ नका म्हणून हात जोडले होते.”

तक्रार मागे घ्यायची, तर कारण सांगावं लागेल. मग मूल मिळायचं नाही. आज संस्थेच्या दारापर्यंत गेले आणि परत आले.

तुमची अपराधी,
अंतरा