वहिनींची फाईल

७ एप्रिल
सकाळी लॅपटॉप उघडला तर अपडेट व्हायला बसला. मला विचारलं नव्हतं. निळा पडदा, गोल फिरणारे ठिपके, 'बंद करू नका'. पाऊण तास. चहा झाला, अंघोळ झाली, परत येऊन बसलो. खरं सांगायचं तर मला ते ठिपके आवडतात. बघत बसलं की डोळा लागतो, आपण कुठं निघालोय असं वाटतं. सुवर्णानं बायकोच्या हक्कानं टोमणा मारला, "देवापुढं एवढा वेळ बसला असता तर काहीतरी पदरात पडलं असतं."

अपडेट झाल्यावर प्रिंटचं बटण जागेवर नाही. कशाला हलवतात? बटणं हलवणाऱ्या माणसाच्या घरातला मिठाचा डबा कुणीतरी रोज नव्या ठिकाणी ठेवायला पाहिजे, मग कळेल.

दुपारी वहिनींचा फोन, नातेपुत्याहून. दादा गेल्यापासून फोन कमीच. इकडचं तिकडचं न बोलता एकदम,
"भावजी, माझी ती फाईल हाय का वो अजून?"
"कुठली?"
"तुमच्या क्लासात टाईप केल्याली. माझ्या गावाची."
मी म्हणालो, आहे की. जपून ठेवलीय.
म्हणालो खरं.

८ एप्रिल
दिवसभर तेच डोक्यात. वीस वर्षांपूर्वी दादाच्या घरी पुढच्या खोलीत मी टायपिंगचा क्लास काढला होता. दोन कॉम्प्युटर, एक पंखा. दुपारी विद्यार्थी नसायचे. वहिनी भांडी आवरून, हात पदराला पुसत यायच्या आणि कडेच्या मशीनवर बसायच्या. आधी एक बोट. वर्षभरात दहा. काय लिहिताय विचारलं की, "माझं गाव". त्याच्या पुढं मी कधी विचारलं नाही.

त्यांचं माहेर करमाळ्याकडचं, नदीकाठचं. धरण झालं तेव्हा त्या अकरा-बारा वर्षांच्या. गाव पाण्यात गेलं, माणसं वर माळावर नव्या गावात. त्या दुपारची टकटक अजून ऐकू येते. आतल्या खोलीत दादा झोपलेला. मी दारात पेपर वाचत. वाचत नसायचोच.

११ एप्रिल
माळ्यावर सीडी सापडली. माझ्याच अक्षरात, 'वहिनी'. लॅपटॉपला सीडीची खाचच नाही. प्रगती म्हणतात ती ही. मी काम करतो त्या कॉलेजच्या लॅबमध्ये कपाटामागं एक जुनं मशीन आहे, त्यात घातली. घरघरली, थांबली, परत घरघरली. शेवटी वाचली.

फाईल आहे. बेचाळीस पानं.

उघडली. मराठी नाही. इंग्रजीही नाही. डॉलर, कंस, मध्येच एखादा मोठा एफ. बेचाळीस पानं तसंच.

१२ एप्रिल
कारण मला माहीत आहे. लिहून टाकतो. तेव्हा प्रत्येक मराठी फाँटची बाराखडी वेगळी असायची. तोच फाँट मशीनवर असेल तरच अक्षरं दिसायची, नाहीतर हा असला कचरा. आणि ते मशीन मी पुसलं, आतलं सगळं काढून कोरं केलं. नवी सिस्टिम आली होती, मला दम निघत नव्हता. फाईल सीडीवर घेतली, फाँट घ्यायचं सुचलं नाही. नावसुद्धा आठवत नाही त्याचं. आणि वर वर्षानुवर्षं लोकांना सांगत फिरलो, नवीन घ्या, जुनं सोडा.

१५ एप्रिल
जुन्या फाँटचं नवीन करून देणाऱ्या दोन साईट बघितल्या. एकीनं नाव, फोन, ओटीपी सगळं घेतलं आणि 'काहीतरी चुकलं' असं सांगितलं. काय चुकलं ते नाही. दुसरीनं बेचाळीस पानं सेकंदात करून दिली. पहिली ओळ: 'झखध ळीणे ठः'. एवढ्या आत्मविश्वासानं चुकणारा माणूस मी पाहिलेला नाही.

परत वहिनींचा फोन. या वर्षी पाणी लई खाली गेलंय म्हणे, जुन्या गावच्या घरांची जोती दिसायला लागलीत. त्यांचा भाऊ नव्या गावातून बघून आला.
"पाणी परत चढायच्या आत जायचंय. संगं ती पानं पायजेत. मला आता नावं आठवंनात, भावजी. तवा समदी लिवली हुती."
"देतो की छापून."
"घाई न्हाय." आणि लगेच, "पन लवकर द्या."

१९ एप्रिल
सोलापुरातच पूर्व भागात व्यंकटेशकडं गेलो. लग्नपत्रिका छापतो. घरात तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी, मशीनशी काय बोलतो ते मला कळत नाही. त्याच्या कोपऱ्यात पिवळा पडलेला कॉम्प्युटर, वर टॉवेल.
"सर, फाँटचं नाव सांगा की. माझ्याकडं तीनशे आहेत."
"नाव नाही आठवत."
"मग एकेक लावून बघायचं. बसा."
त्याच्या मशीनला नेट नाही. "नेट लावलं की बिघडतंय बघा सर. मी ह्याला बाहेरचं वारंच लागू दिलं नाही." एरवी मी त्याला एक भाषण दिलं असतं. आज स्टूल ओढून बसलो.

एकेक फाँट. दुपारभर. बाहेर यंत्रमागाचा आवाज, त्यावर झोप यायला लागली. मध्येच व्यंकटेश म्हणाला, "सर, हे बघा, माणसासारखं दिसायलंय." बघितलं तर खरंच: 'नदी', 'घर', 'दार'. जोडाक्षरं सगळी फुटलेली, ऱ्हस्व वेलांट्या भलतीकडं. पण साधे शब्द उभे राहिलेत. फाँट तोच नाही, त्याच घराण्यातला असणार.

व्यंकटेशच्या बायकोनं आणून ठेवलेला चहा निवला.

२० एप्रिल
फुटलेलं हातानंच जोडावं लागणार. म्हणजे ओळ न् ओळ वाचावी लागणार. हे काल लक्षात आलं नव्हतं.
त्यांनी कधी कुणाला दाखवलं नाही ते.

२४ एप्रिल
वाचतोय. दुसरा इलाज नाही असं स्वतःला सांगतोय.

गाव वेशीपासून सुरू होतं आणि घराघरानं पुढं सरकतं. 'कोंडाबाईचं घर. दाराशी शेवगा. कोंडाबाई उन्हात बसून दुसऱ्याचे पाय ओळखते, तोंड बघत नाही.' 'इथून नदीचा आवाज सुरू होतो.' 'तात्याच्या ओट्यावर दुपारी कुणी बसायचं नाही, का ते माहीत नाही.' दिवसाला दोन-तीन पानं होतात. स्पेलचेक प्रत्येक शब्दाखाली लाल रेघ ओढतंय. गावच चूक आहे असं त्याचं म्हणणं. बंद केलं.

दुपारी पडलो तरी त्या बोळातून चालत असतो. आता वळायचं, आता शेवगा. सोलापुरात बाहेर रस्ता तापलाय आणि माझ्या पायाखाली ओली वाळू.

२ मे
पान एकतीस. इथं काहीतरी बदलतं. आतापर्यंत सगळं 'होतं', 'असायचं'. इथून एकदम 'आहे'.

'कोंडाबाईपासून चौथं घर माझं. मी शाळेत शिकवते. सकाळी नदीवर जाऊन येते, मग मुलं येतात. माझं लग्न झालेलं नाही. मला कुणी विचारतही नाही.'

पुढं तसंच. गाव बुडालेलं नाही. धरण नाही. त्या तिथं मोठ्या होतात, चाळिशीला येतात, शाळेला नवीन फळा आणतात. नातेपुतं नाही. दादा नाही. मी पण नाही, मी कसा असणार.

हे सगळं माझ्या क्लासमध्ये, माझ्यापासून चार हातांवर बसून लिहिलेलं. आत दादा घोरत होता.
फाईल मिटली.

४ मे
सुवर्णाला सांगितलं. मला वाटलं ती गप्प होईल.
"त्यात काय एवढं? माझं पण आहे की एक गाव."
"मी आहे का त्यात?"
"असता. कधी कधी."
आणि कपडे वाळत घालायला गेली. आता हे एक नवीन.

दादासाठी वाईट वाटतंय. त्याचं काही चुकलं नव्हतं. वहिनींनी त्याचं सगळं केलं, शेवटच्या आजारपणात तर... पण लिहिताना त्याला नेला नाही. ह्यात चूक कुणाची शोधावी ते कळत नाही. शोधू नये बहुतेक.

उरलेली पानं न वाचता तशीच द्यावीत का? फुटलेली अक्षरं बघून कळेलच त्यांना, मी कुठंवर वाचलं ते.

९ मे
झाली. बेचाळीसही. शेवटच्या पानावर गोष्ट संपत नाही, वाक्य अर्धं आहे: 'संध्याकाळी मी दार लोटून घेते आणि'. बास. मला आठवतंय, त्याच महिन्यात मी सोलापूरला नोकरीला आलो. क्लास बंद झाला. मशीन पुसलं.

१० मे
फोन केला. सगळं सांगितलं. फाँट मी घालवला. जपून ठेवलंय म्हणालो ते अर्धंच खरं. आणि जोडता जोडता सगळं वाचलं.
मला वाटलं फोन कटला. हल्ली कटतोही, सांगत नाही.
"समदं?"
"हो."
"चौथ्या घराचं बी?"
"हो, वहिनी."
भांड्याचा आवाज आला.
"बरं. वाचलं तर वाचलं. बरूबर लिवलंय का न्हाय, ते सांगा."
मी म्हणालो, लई बरोबर.
तर हसल्या. "तुमी बगितलंय व्हय गाव? म्हनं बरूबर."

१९ मे
काल जाऊन आलो. आज लॅबला दांडी. पाय दुखतायत.

वहिनींना नातेपुत्याहून घेतलं, गाडी करून गेलो. नव्या गावात त्यांच्या भावाकडं भाकरी खाल्ली, मग खाली उतरलो. पाणी कुठल्या कुठं गेलेलं. मधे भेगाळलेला गाळ, त्यात पांढरे शिंपले, बाभळीची काळी खुंटं. लांबवर पाण्याची एक चकचकीत रेघ आणि तिच्यावर पक्षी, हलत नव्हते. उन्हात सगळं थरथरत होतं. आपण बघतोय की कुणीतरी सांगतंय, कळेना.

पानं माझ्या हातात. वहिनींनी मागितलीच नाहीत. चप्पल काढली आणि चालायला लागल्या. एका जोत्यापाशी थांबून म्हणाल्या, "रामा सुतार." पुढं, "हिरीची वाट." मी कागदावर बोट ठेवून मागून. तोच क्रम. एकही नाव चुकलं नाही. मला म्हणत होत्या नावं आठवत नाहीत. पायांना आठवत असणार.

"ही कोंडाबाई."
चार दगड, एक उंबरा. शेवगा नाही. तिथं त्या बसल्या, मीही बसलो. दगड भाजत होता तरी बसलो.

मग उठून पुढं निघाल्या. एक जोतं, दोन, तीन. चौथ्याला काही नाही. गाळ आणि लगेच पाणी. तशाच पाण्यात शिरल्या, घोट्यापर्यंत. पलीकडं एकजण जाळं वाळत घालत होता, तो ओरडला, "मावशी, फुडं गाळ हाय, जाऊ नगा!"

मी धावत जाऊन हात धरला. वीस-पंचवीस वर्षांत त्यांचा हात धरल्याचं आठवत नाही.
"घर पाण्यात असंल वहिनी. अजून थोडं पाणी उतरलं की दिसंल."
माझ्याकडं असं बघितलं की जणू मी अजून क्लासमधलाच पोरगा आहे.
"भावजी, ते घर न्हवतंच. तितं मोकळी जागा हुती. मी लिवल्यालं ते." पाण्याकडं बघत राहिल्या. "जागा तेवढी बगायची हुती. हाय का अजून."
"आहे का?"
"हाय की."

उभे होतो. पाण्यात दोघांच्या सावल्या, आणि खाली बारके मासे त्यांच्यामधून जात येत.

२३ मे
वहिनी नातेपुत्याला परतल्याच नाहीत. भावाकडं राहिल्यात, महिनाभर म्हणतात. निरोप: जुना कॉम्प्युटर असेल तर पाठवा.

माझा आधीचा लॅपटॉप पुसून घेतला. या वेळी पुसायच्या आधी तीनदा बघितलं. फाँट नवीनच घातला, तो हरवत नाही, कुठंही उघडतो. त्यावर तडजोड नाही. पण कीबोर्ड? त्यांची बोटं जुन्या जागांवर शिकलेली. मी इतकी वर्षं सांगत आलो, नवीन कीबोर्ड शिका, आठवड्यात येतो. कुणाची बोटं कुठं शिकली हे कधी विचारलं नाही.
दोन दिवस बसून जुन्या कीबोर्डच्या जागा नव्या फाँटला लावल्या. व्यंकटेशला फोन करून करून विचारलं, 'क्ष' कुठं होता, रफार कुठं. तो न बघता सांगत होता.

३० मे
लॅपटॉप देऊन आलो. वहिनींनी आधी पडद्यावरून पदर फिरवला. मग बोटं ठेवली. काही वेळ नुसतीच ठेवली. मी बाहेर ओट्यावर येऊन बसलो. आत टकटक सुरू झाली, थांबत थांबत, मग न थांबता. उन्हात डोळा लागला. जागा झालो तेव्हा कुठं आहे कळायला वेळ लागला.

६ जून
लॅपटॉप आज पुन्हा अपडेटला बसला. बसू दे.

दुपारी वहिनींचा फोन. अर्धं वाक्य पुरं झालं म्हणाल्या. काय झालं ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. कॉम्प्युटर मध्येच 'सेव्ह करू का' विचारतो, त्याला काय सांगायचं? हो म्हणा, म्हटलं. दर वेळी हो.
"आनि भावजी, एक अडलंय."
मला वाटलं जोडाक्षर.
"तुमी बी आलाय आता गावात. लिवता लिवता आनलं मी तुमाला. पन कुटं ऱ्हानार ते ठरंना."
"मी?"
"व्हय. सुतार म्हनतोय त्याच्या शेजारी. मला पटंना. तुमाला कुटं बरं वाटंल?"
मी म्हणालो, कुठंही चालेल.
फोन ठेवल्यावर वाटलं, नदीच्या बाजूला म्हणायला पाहिजे होतं. लगेच परत लावला. लागला नाही.