भुवयांचा प्रवेश

७ नोव्हेंबर
नवऱ्याने नवं नाटक लिहिलं. नायकही तोच. प्रॉम्प्टर अर्थात मी — बावीस वर्षं विंगेत स्टुलावर बसून लोकांची विसरलेली वाक्यं कुजबुजतेय. प्रेम आणि सौंदर्य यांची टर उडवायची आहे म्हणे. उडव बाबा.

८ नोव्हेंबर
वाचन झालं. दुसऱ्या अंकात नायकाची बायको नवरा उठायच्या आत उठते, पेन्सिलीने भुवया काढते. एक वर जाते, एक खाली. मग परत येऊन झोपेचं सोंग घेते. सगळे खो खो हसले. मी नाटकाच्या वहीतून मान वर केली नाही.

आजारपणात माझ्या भुवया गेल्या, त्या परत आल्याच नाहीत. तीन वर्षं रोज सकाळी काढतेय, बाथरूमचा दिवासुद्धा न लावता. वाटायचं, ह्याला पत्ता नाही. हा डोळे किलकिले करून बघत होता तर!

९ नोव्हेंबर
विचारलं एकदाचं. "ती बाई मीच ना?"

"अगं, सगळ्याच बायका अशा असतात. मनाला काय लावून घेतेस?" आणि चहा मागितला. मी दिलाही. माझी मलाच चीड आली.

१४ नोव्हेंबर
बायकोचं काम करणारी नटी चोवीस वर्षांची. तालमीत सारखी अडते, मग वाक्य मी पुरवायचं — "खरं सांगा, अजून आवडते ना मी?" हे माझं वाक्य. हॉस्पिटलमधून घरी आले त्या दिवशीचं, शब्दन् शब्द. तेव्हा हा म्हणाला होता, "वेडी आहेस का? तूच माझी सुंदरी." नाटकातही तेच म्हणतो, प्रेक्षकांकडे बघून डोळा मारत.

त्या दिवशीही मनातल्या मनात डोळा मारला होता का? एवढं एक कळू दे. बाकी काही नको मला.

२ डिसेंबर
पहिला प्रयोग. हाउसफुल्ल. भुवयांना टाळ्या. मध्यंतरात सासूबाई विंगेत आल्या, हसून हसून डोळ्यांत पाणी. "हुबेहूब तू गं!" म्हणजे त्यांनाही माहीत. मीच तेवढी खुळी.

५ डिसेंबर
रडले. दुसरं काही नाही.

११ डिसेंबर
नटी मेकअप पुसताना म्हणाली, "ताई, अशी बाई खरंच असते का हो?" असते म्हटलं. बिचारी ओशाळली. माझ्या भुवया बघून तिला कळलं असावं.

१६ डिसेंबर
आज हाच अडला. नटीने विचारलं, "आवडते ना मी?" आणि ह्याचं डोकं कोरं. विंगेकडे कान केला. अडलेला नट प्रॉम्प्टर देईल ते बोलून टाकतो, विचार करत बसत नाही. मी कुजबुजले, "नाही. तेव्हाही आवडत नव्हतीस."

तो खणखणीत आवाजात म्हणाला, "नाही. तेव्हाही आवडत नव्हतीस."

बोलल्यावर कळलं त्याला. माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता सावरेल, थट्टा केली म्हणेल, काहीही म्हणेल. तो सावकाश प्रेक्षकांकडे वळला आणि स्वतःच्या मनाने म्हणाला, "दया येत होती."

थिएटर हसून कोसळलं.

१७ डिसेंबर
सकाळी दाढी करता करता म्हणाला, "कालची दोन्ही वाक्यं वहीत घालून टाक. तशीच ठेवू."

घातली.